आत येणाऱ्यानं आधी बोलायचं

पवनी, १४ नोव्हें.
शेजारच्या काकू आल्या. दारातूनच आईला, "डॉक्टरीनबाई कवा वापस जाते?" आई म्हणाली, "सुट्ट्या हायेत तिले."
कसल्या सुट्ट्या! कॅरिबियनच्या त्या बेटावर वॉर्डाच्या सत्रात नापास होऊन आलेय. जानेवारीत तेवढंच पुन्हा करू देणार आहेत. जायचं की नाही ते बाबा ठरवतील. आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आल्यापासून सगळं आईमार्फत. "तिले विचार, जेवते का." मी समोरच बसलेली असते.

१७ नोव्हें.
आज बाबांनी आईकरवीच विचारलं, पेपर तर सगळे निघाले, मग नापास कशात? खरं सांगितलं. रोग्यांशी वागणूक. मी सकाळी खाटेजवळ जायचे, फाइल बघायचे, कुठे दुखतं विचारायचे. आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे नाही. रोग्यांनी तक्रारी केल्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी समज दिली, तीही मी किरकोळीत काढली.
बाबा मुख्याध्यापक होऊन रिटायर झाले. त्यांनी पोरं नापास केली ती गणितात. आईकडे बघून म्हणाले, "नमस्कार नाही केला म्हून कोनी नापास करते का? बनवून राहिली ते." आणि उठून गेले.
काहीतरी खोटं सांगितलं असतं तर पटलं तरी असतं.

१९ नोव्हें.
मिस आयोनीची आठवण. माझी तिथली घरमालकीण. सुरुवातीला माझ्याशी फार तुटक वागायची. मी तिच्या हॉलमधून मान खाली घालून, पाय न वाजवता खोलीत जायचे. वाटायचं, म्हणत असेल, किती सालस पोरगी. एक दिवस तिनं वाटच अडवली. मी या घरातली खुर्ची आहे का? इथे आत येणारा आधी बोलतो. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही. आमच्या गुलाम आज्या-पणज्यांसमोरून न बोलता जायचे ते उसाच्या मळ्यांचे मालक.
मालक! मी!
त्या दिवसापासून शिकले. पण तोवर सत्र हातचं गेलं होतं.

२४ नोव्हें.
आता सवय सुटत नाही. औषधाच्या दुकानात शिरले आणि सगळ्यांना मिळून 'नमस्कार' म्हणाले. दुकानदारानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे कोण आलंय ते. बाकावरची बाई म्हणाली, "काय विकाले आनलं बाई?"
तिथे नमस्कार केला नाही म्हणून गुन्हेगार, इथे केला म्हणून फेरीवाली. छान शिक्षण झालंय माझं.

१ डिसें.
बाबांबरोबर दिघोरीला. बाबांचं मूळ गाव, थोडी शेती आहे. आईनं मुद्दाम धाडलं, गाडीवर तरी बोलतील म्हणून. नाही बोलले.
धान चुरायचं, मळणीचं मशीन मागायला पाटलांकडे गेलो. पाटलांचा मुलगा अंगणात खाटेवर मोबाइल बघत होता. बाबा फाटकाशी थांबले. आवाज नाही, खाकरणंसुद्धा नाही. हात मागे बांधून नुसते उभे. ज्यांना अर्धी पवनी 'सर' म्हणते ते आमचे बाबा. पोरगा त्यांच्याच वर्गात शिकलेला. त्यानं एकदा पाहिलं, परत मोबाइल.
मी त्यांच्या शेजारी तशीच उभी. आणि एकदम लक्षात आलं, हे उभं राहणं माझं आहे. वॉर्डात खाटेजवळ मी अशीच असायचे. लहानपणी बाबाच सांगायचे, "परक्याच्या घरी आधी तोंड उघडाचं नाही. ते विचारतीन तवा बोलाचं." ते हे शिकले याच फाटकाशी, त्यांच्या बापाचं बोट धरून. आमच्या घरात त्याला संस्कार म्हणतात.
मी मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार दादा, आम्ही आलोय." पोरगा दचकून उठला. खुर्च्या आणल्या, मशीन द्यायचंही कबूल केलं. बाबा बसले नाहीत.
परतताना पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले?"

२ डिसें.
राग जात नाही. कुणावर काढू? बाबांवर, पाटलांच्या पोरावर, की त्या डॉक्टरीणबाईंवर? आमचं गप्प राहणं फाटकाबाहेरचं. तिथल्या रोग्यांना ते माडीवरच्या मालकाचं वाटलं. यात माझं सत्र गेलं. बाबांना सांगायचं कसं? सांगितलं तर मी नाही, ते नापास झाले असं होईल.
आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "हे त्याईले नको सांगू. आतून मरून जातीन."
म्हणजे माझंच डोकं कमी पडलं, हे चालेल सगळ्यांना.

६ डिसें.
विहारात अभिवादनाला गेलो. बाबा दारात उभे. येणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतः 'जय भीम'. आवाज खणखणीत. लहान पोरांनासुद्धा. म्हणजे येतं की त्यांना. वस्तीत येतं, वस्तीबाहेर पाऊल टाकलं की घसा बसतो. मिस आयोनीनं बघितलं असतं तर बाबांना आधी जेवायला बसवलं असतं.
मी आत शिरताना 'जय भीम, बाबा' म्हणाले. त्यांनी माझ्या मागून येणाऱ्या बाईला जय भीम केला.

९ डिसें.
कॉलेजला उद्या कळवायचं आहे.
दुपारी सैपाकघरात लाखोळीची भाजी निवडत होते. आई शेजारी गेलेली. चपला काढल्याचा आवाज आला आणि बाबा उंबऱ्याशी येऊन थांबले. मधे आई नाही, कुणामार्फत बोलणार?
मनात म्हटलं, आत येणाऱ्यानं आधी बोलायचं. नुसतं नाव घेतलं तरी पुरे. मी मान वर केली नाही. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. हात मागे बांधलेले, नजर खाली. दिघोरीच्या फाटकाशी होते तसेच. ते माझ्या विचारण्याची वाट बघत होते.
आणि मी भाजी निवडत राहिले, पाटलांच्या पोरासारखी.
आई आली तेव्हा उंबऱ्याशी कुणी नव्हतं. तिनं विचारलं, "आले होते का?" मी म्हटलं, हो.
"काय म्हनत होते?"