बिडाच्या तव्यावरची भेटकी

॥ श्री ॥

बेहाला, कलकत्ता
३ एप्रिल १९७२

ती. सौ. अक्कास,
धाकट्या भालूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शकुनला वाचून दाखवताना तिच्याबद्दलचा मजकूर मी गाळत होतो. गाळताना आवाज अडखळला असावा, कारण तिने डावा हात पुढे केला आणि पत्र मागून घेतलं. सगळं वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं. आता तुझी पत्रं मी पुरती वाचतो.

तू लिहितेस की आजारी बायकोचं करणं पुरुषाला जमायचं नाही, मेअखेरीला पावसासाठी मुंबईची बोट बंद व्हायच्या आत शकुनला वेंगुर्ल्याला पाठव, तुझा दिनकर न्यायला येईल. तुझं चुकीचं नाही. संक्रांतीनंतर तिला झटका आला, उजवं अंग गेलं. लेक लीना भिलाईहून आली, महिनाभर राहिली, पण तिला तिचा संसार आहे. बोलणं थोडं परत आलंय, जड आहे पण मला कळतं. हातही हळूहळू येईल असं डॉक्टर म्हणतात. मात्र पोटात अन्न गेलं तर. अकरा किलो वजन उतरलंय. असंच चाललं तर इस्पितळात ठेवून नळीने भरवू, असं त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं.

खाट मी स्वयंपाकघराच्या दारातच आणून टाकली आहे. मऊभात कालवतो, समोर स्टूल घेऊन बसतो, घास नेला की ओठ मिटतात. आमची कामवाली सुचित्रा भरवायला गेली तरी तेच. सुचित्रा म्हणाली की दादाबाबू, माशाशिवाय माणूस जगतो कसा तेच मला कळत नाही. मलाही पटलं. वेंगुर्ल्याची मुलगी ती, अडीच महिने मासा नाही. पण एका डाव्या हाताने काटे काढायचे कसे? मी काढून दिले तर भिंतीकडे तोंड करते.

इथे बाजारात भेटकी मिळते, पांढरी, सौम्य. कोळी तिचे काटे काढून चपटे तुकडे करून देतो, त्याला फिले म्हणतात. चमच्याने तुटतात, म्हणजे तिचं ती खाऊ शकेल. कोळ्याचं नाव निताई. त्याने विचारलं की घरात लग्न कुणाचं, कारण फिले इथे लग्नाच्या पंगतीलाच घेतात. डॉक्टरांनी तेल बेताचं सांगितलंय, तिखट-आंबट बंद.

तर हे तुकडे तव्यावर कसे करायचे ते लिही. मी चौतीस वर्षांपूर्वी या शहरात आलो तेव्हा लोखंड तासायचा लेथ कुठल्या बाजूने फिरतो तेही माहीत नव्हतं, आज माझ्या कारखान्यात चार लेथ आहेत. हेही शिकेन. एक महिना दे. जमलं नाही तर दिनकरबरोबर तिला पाठवतो, तक्रार करणार नाही.

भावोजींना नमस्कार. माया आहे, ती आटू देऊ नकोस.

तुझा
भालू

---

वेंगुर्ले
१० एप्रिल १९७२

चि. भालूस,
अक्काचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे इतके हसले की ठसका लागला. चहाचं आधण ठेवताना भांड्यात पाणी घालायला विसरलेला माणूस मासे तळणार म्हणतात. मी हसले नाही. मला रडू आलं, पण ते असो.

तू वर्णन केलंस त्यावरून तुझी भेटकी म्हणजे आपली चोणकच दिसते. बिनकाट्याचा मासा म्हणजे मला तरी चेष्टाच वाटते, पण शकुनला सोयीचा असेल तर तोच बरा. धुतलास की पंचाने टिपून कोरडा कर. हळद, मीठ, वरून तांदळाच्या पिठाचा हात, बाकी काही नको. शकुनचा बिडाचा तवा आहे ना, घावनांचा, लग्नात मी दिलेला, त्यावरच कर. तवा आधी तापव, मग तेल, मग मासा.

दिनकरने तिकीट काढलंय. चौदा मेला इथून निघेल. मागची खोली सूनबाईने, पुष्पाने, रिकामी केली आहे. आम्ही चौघं आहोत घरात, कुणी ना कुणी सतत तिच्यापाशी बसेल, आळीपाळीने भरवू, एक घास सुटू देणार नाही. तू एकटा किती पुरणार? हट्ट कर, पण तिच्या जिवावर नको.

स्वतःही वेळेवर जेव, सांगायला मी तिथे नाही.

तुझी
अक्का

---

बेहाला
१९ एप्रिल १९७२

ती. सौ. अक्कास,
दमल्याभागल्या भालूचा सा. न. वि. वि.

माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती तुला लिहायला तीन दिवस लागले.

तू म्हणालीस तसा तवा फळीवरून काढला. बघतो तर काळा कुळकुळीत, कडेला थर. कारखान्यात असा थर दिसला की आम्ही त्याला काजळी समजतो आणि काढून टाकतो. मासा चिकटू नये म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत हवा, एवढं मला यंत्रातलं कळतं. तेव्हा तवा कारखान्यात नेला, लेथवर चढवला, सपाट तासला, एमरी कागदाने घासला. आरसा झाला, अक्का. त्यात मी माझं तोंड बघितलं. कौतुकाने घरी आणून शकुनला दाखवला. तिने डावा तळवा त्याच्यावर ठेवला, जरा वेळ ठेवून दिला, मग भिंतीकडे वळली. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

मासा तर असा चिकटला की उलथन्याने खरवडावा लागला. पिठाचं कवच तव्यावर, आतला मासा चुरा होऊन उलथन्यावर. पाच दिवसांत अकरा तुकडे केले, अकरांचा भुगा झाला. भुगा मी खाल्ला, उभ्यानेच. निताई विचारतो की हे लग्न अजून किती दिवस चालणार. दिवसाकाठी दोन-तीनदा वीज जाते, कारखान्यात माणसं हात चोळत बसतात, मी घरी येऊन भांडी घासतो. तक्रार नाही. नुसता दमलोय.

शकुन काल दोन चमचे भात जेवली. डॉक्टर बुधवारी पुन्हा वजन करणार आहेत.

तव्याचं काय करू? नवा आणू का? रागावणार आहेसच, तर लवकर रागाव.

तुझा
भालू

---

वेंगुर्ले
२२ एप्रिल १९७२

चि. भालूस,
आशीर्वाद आहेत, पण तुझा कान हाताशी असता तर आधी तो पिळला असता.

अरे, ती काजळी नव्हे. एकतीस वर्षांचं तेल होतं ते. त्या पोरीने रोज घावन काढून, पुसून, तेलाचा बोळा फिरवून तवा वळवला होता, घावन न चिकटता सुटावं असा. तू एका दुपारी तासून टाकलास. नवा आणशील तर तोही असाच चिकटेल. हाच पुन्हा वळव.

तव्याला तेलाचा अगदी पातळ हात लाव, इतका पातळ की पुसून घेतल्यासारखा वाटेल. धूर येईपर्यंत तापव, गार कर, पुन्हा लाव. असं आठ-दहा वेळा. मग अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव. मग तांदळाची घावनं घाल. पहिली चार फाटतील, ती कावळ्यांना घाल. पाचवं सुटलं की मासा.

आणि मासा टाकलास की त्याला हात लावू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे, सारखं उचकटून बघणार. मासा शिजला की आपणहून तवा सोडतो. कधी ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. आधी चरचर मोठी असते, मासा पाणी सोडतो म्हणून. पाणी सरलं की आवाज बारीक होतो, एकसारखा. तेव्हा उलट. तोवर तव्यासमोरून हलू नकोस, मागे वळून बघू नकोस, कारखान्यात यंत्रापाशी उभा राहतोस तसा राहा. लहानपणी पाळण्यातल्या पोराच्या रडण्यावरून भूक की पोटदुखी ते तू आईच्या आधी सांगायचास. ते कान गेले कुठे?

दिनकर चौदाला निघतोय, हे विसरू नकोस.

तुझी
अक्का

---

बेहाला
२ मे १९७२

ती. सौ. अक्कास,
भालूचा सा. न. वि. वि. आणि तुझ्या विद्येलाही नमस्कार.

तुकडे सुटले. एकही फुटला नाही. तवा वळवायला अडीच दिवस लागले, घर धुराने भरलं, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आग लागली समजून बादली घेऊन आले. पण आवाजाचं तू म्हणालीस ते शंभर टक्के खरं. यंत्रात कटर नीट लागला की लेथचा सूर बदलतो, अगदी तसंच. वरून सोनेरी, आतून पांढरा, चमचा लावला की पापुद्रे सुटतात.

पहिला तुकडा शकुनला ताटलीत दिला आणि दुसरा तव्यावर टाकला. तुझ्या हुकुमाप्रमाणे वळलो नाही. मागे चमचा ताटलीला लागलेला ऐकू आला. मग पुन्हा. सात वेळा ऐकला. तव्यावरचा तुकडा झाला, उलटला, दुसरीकडूनही झाला, तरी मी तिथेच उभा. शेवटी वळलो तर ताटली रिकामी. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी स्टूल घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवस हेच चाललंय. मी पाठमोरा असलो की जेवते, मी बघितलं की संपलं. वजन पाऊण किलो वाढलं, नळीचा विषय डॉक्टरांनी सध्या सोडलाय. पण मी माणसं ओळखून धंदा केला, अक्का. एखाद्या बाईला नवऱ्याच्या नजरेसमोर घास गिळवत नसेल तर ती त्या घरात नको असं म्हणते आहे, एवढं मलाही कळतं. माझ्यापाशी नाही तर तुझ्यापाशी ती चार जणांत बसून सुखाने जेवेल. मी तिला विचारलं, जायचं का म्हणून. ती छताकडे बघत राहिली.

तेव्हा दिनकरला येऊ दे. ट्रंक काढून ठेवली आहे. मासा कसा करायचा ते पुष्पाला मी सविस्तर लिहून पाठवीन. मला आता जास्त लिहवत नाही.

भावाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
भालू

---

बेहाला
६ मे १९७२

ती. सौ. वन्संना,
शकुनचा नमस्कार.

डाव्या हाताने लिहिते आहे. चार दिवस लागले. अक्षराला हसू नका. हे कारखान्यात गेले की लिहायची, सुचित्रा टपालात टाकेल. यांना माहीत नाही.

यांनी तुम्हाला लिहिलं ते मला वाचून दाखवलं. मला नको म्हणायचं होतं. माझं तोंड वेळेवर चालत नाही.

माझा घास उजव्या बाजूने गळतो. हनुवटीवर येतो, पदरावर पडतो, मला कळतही नाही. एकतीस वर्षं हे आधी जेवले, मी मागून जेवले. मी कशी जेवते ते यांनी कधी बघितलं नाही. आता पहिल्यांदा बघायचं तर हे बघायचं का? समोर बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत यांचंच तोंड हलतं. मला नाही सहन होत. राग नाही हो.

तवा तासला तेव्हा रडू आलं. पण मग अडीच दिवस धुरात खोकत उभे होते, ते मी खाटेवरून बघितलं. यांना वाटतं मी भिंतीकडे बघत होते.

मी येत नाही. दिनकरला तिकीट परत करायला सांगा. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे मायेने चौघं समोर बसाल, घास मोजाल. इथे एकच माणूस, तोही पाठमोरा. त्याच्या पाठीमागे मी पोटभर जेवते.

यांना तुम्ही लिहा. माझं हे लिहू नका. एवढंच लिहा की माशापाशी शेवटपर्यंत उभं राहायचं असतं, मध्ये वळलं तर मासा बिघडतो. तुमचं ऐकतात.

हात दुखतो आहे. एकच सांगायचं राहिलं. मासा सुरेख करतात, पण मीठ घालायला विसरतात. मी सांगत नाही. सांगितलं तर वळून बघतील.

तुमची
शकुन