बँडमास्तरची ट्रंक कोणाला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हायस्कुलात बँडमास्तर, हल्ली निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो त्यांनी मला एकही प्रश्न न विचारता दिला, हे मला खटकले आहे; पण दाखला खरा आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझ्या ट्रंकेतले सगळे कागद माझ्याबरोबर जाळावेत, असे त्यात म्हटले होते. त्या एका कलमापायी हे नवे लिहिणे आले.

कलम एक. राहते घर माझ्या स्वकष्टाचे असून ते पत्नीला द्यावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. माझ्या मागे ती बाहेरच्या खोलीला गुलाबी रंग देणार, असा मला दाट संशय आहे. विचारले तर म्हणते, "तुम्हाला तेव्हा काय दिसणार आहे?" म्हणजे रंग ठरलेला आहे. तरी घर तिचेच.

कलम दोन. पुतण्या "काका, बरे आहात ना?" असे विचारतो तेव्हा त्याची नजर छताकडे असते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसे मी ऐकून होतो. माझ्या घराला वासे नाहीत, स्लॅब आहे, तरी हा मोजतो. त्याला सायकल द्यावी. ट्रम्पेट मात्र त्याच्या मुलीला द्यावा. तिचे समोरचे दोन दात नुकतेच पडले आहेत. नवे दात येऊन घट्ट बसेपर्यंत तिने ट्रम्पेटला ओठ लावू नये, आणि बापाने तर कधीच लावू नये.

कलम तीन. निरोपसमारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते मागे पडते. ज्या माणसाने जन्मभर पोरांना ठेका सांभाळायला शिकवले त्याला मागे पडणारे घड्याळ चुकून दिले गेले, यावर विश्वास ठेवण्याइतका मी भोळा नाही.

कलम चार. ट्रंक. हिच्यात मी शाळेच्या बँडसाठी बसवलेल्या सगळ्या धुनांचे नोटेशन आहे. मी पोरांना फक्त आपापल्या वाद्यापुरता कागद देत असे, आणि वाजवून झाले की तोही परत घेत असे. क्लॅरिनेटवाल्याला ट्रम्पेट काय वाजवतो ते कानाने कळेल तेवढेच. सगळी वाद्ये एकाखाली एक लिहिलेला कागद माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही. चोरांचा सुळसुळाट असलेल्या जगात मी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आता माझ्या जागेवर माझीच एक जुनी विद्यार्थिनी आहे. शाळेत तिला सगळे ढमी म्हणत, कारण ती मोठा ड्रम वाजवी. यंदाचे संचलन फसले तर बँड बंद, अशी तंबी बाईंनी तिला दिली आहे. "हल्ली स्पीकरवर सगळं मिळतं," असे त्या म्हणाल्याचे शिपायाने मला सांगितले. शिपाई कोणाच्या बाजूचा आहे हे मला अजून कळलेले नाही, पण बातमी खरी निघाली.

गेल्या आठवड्यात ढमी घरी आली. मी सरळच विचारले, "ट्रंकेसाठी आलीस ना?"

"नाही, सर. तुम्हाला बघायला आले."

"नोटेशनशिवाय काय करणार आहेस?"

"जुन्या पोरांना बोलावलंय. ज्याला जेवढं आठवतंय तेवढं लिहून घेतेय. मधे मधे भोकं राहतात."

"मग माग ना!"

"द्यायचं असतं तर तुम्ही दिलंच असतं की."

चहा पिऊन ती गेली. यात काय डाव आहे ते मी चार दिवस शोधत राहिलो. सापडला नाही, म्हणून जास्तच अस्वस्थ झालो.

मग एक गोष्ट आठवली. संचलनात मास्तर बँडकडे तोंड करून उलटा चालतो. पुढचा रस्ता त्याच्या पाठीशी असतो. मी दर चार पावलांनी मागे वळून बघत असे, कारण पोरे मला मुद्दाम खड्ड्यात घालतील अशी मला खात्री होती. एका वर्षी भर रस्त्यात ढमीने ड्रम थांबवला. ठेका गेला तसा अख्खा बँड गारद. लोक हसले. मी तिला मारायला हात उगारला, तर ती नुसती म्हणाली, "सर, मागे." माझी टाच उघड्या गटाराच्या काठावर होती. ती शाळेत होती तोवर मी पुन्हा मागे वळून पाहिले नाही. माझ्या बायकोला विचारा, मी घरातसुद्धा दाराकडे पाठ करून बसत नाही.

वकिलांसमोर मी ट्रंक ढमीच्या नावे करणाऱ्या या कलमाला अटी घालू लागलो: नक्कल करू नये, कोणाला दाखवू नये, कुलूप बदलू नये. ते म्हणाले, "आणि संचलन तुम्ही जायच्या आधी झालं तर?" वकील फी वाढवायला बोलतात हे मला माहीत आहे, पण प्रश्न बिनतोड होता. अटी खोडल्या.

म्हणून नमूद करतो की, ट्रंक आता माझ्या मिळकतीत धरू नये. आज सकाळी ढमीला बोलावून ती किल्लीसकट दिली. "कागद मोजून घे," मी म्हणालो. ती म्हणाली, "असू दे, सर." आणि उचलून चालू लागली. माझ्या घरातून न मोजता काही नेणारी ती पहिलीच, आणि मीही मोजून दिले नव्हते.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर सही केली आहे.

साक्षीदार: एक, डॉक्टर (या वेळी त्यांनी नाडी तपासली). दोन, शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर (वाचू नका म्हटले तरी वाचले, डोळे पुसत होते, चष्म्याचे निमित्त सांगितले).

ठिकाण: माझ्या घरची बाहेरची खोली. तारीख: संचलनाच्या आधीचा दुसरा रविवार.

सही: बँडमास्तर