पाहण्याचे दोनशे

अर्जुनी मोरगाव,
दि. ४ एप्रिल २०२५

चि. खेमराज यास,
सुमनबाईचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तू फोनवर बोलत होतास आणि मी इकडून छान छान म्हणत होते. नंतर भूमिकाने सांगितले की तू संध्याचा गुडघा सुजल्याचे सांगत होतास. माझ्या कानांनी पुरता राजीनामा दिला आहे, तेव्हा पत्रच बरे. संध्याला शेक घ्यायला सांग आणि माझ्या छान छानबद्दल तिची माफी माग.

कारण असे की, उन्हाळ्याचा कूलर काढून लावल्यापासून न्हाणीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी म्हटले, वय झाले. पण गेल्या सोमवारी भूमिका ओरडत बाहेर आली की आजी, नळ चावते. संघदीपने आपल्या पोरीला महिनाभरासाठी माझ्या भरवशावर ठेवले आहे. तेव्हापासून मी तिला अंगणात बादलीने आंघोळ घालते आणि न्हाणीला कडी लावून ठेवते.

दोघांना बोलावले. भैय्यालाल वायरिंग मिस्त्री ओसरीतूनच बोटाने दिव्या-पंख्यांचे पॉइंट मोजून गेला. सगळे नवे करून नऊ हजार म्हणाला. दुसरी समीक्षा, आयटीआय शिकलेली, स्कूटीवर येते. तिने अर्धा दिवस घर पाहिले. कूलर लाव म्हणाली, बंद कर म्हणाली, नळाला टेस्टर लावला, मागे जाऊन पाइप कुठून येतो ते पाहिले. मग बारा हजार सांगितले, तेही निम्मे पॉइंट जुनेच ठेवून. घरामागे खड्डा खणून नवी अर्थिंग करायची म्हणाली, म्हणजे गळका करंट जमिनीत जाईल. आणि नुसते पाहण्याचे दोनशे घेऊन गेली.

भावा, तू राइस मिलमध्ये उभी हयात मशीन सांभाळलीस. वाजवी भाव कोणता, ते तू सांग. जयंतीच्या आधी काम व्हायला हवे.

पत्राची वाट पाहते. माया आहेच, उत्तर लवकर धाड.
तुझी,
सुमनबाई

गोंदिया,
दि. ८ एप्रिल २०२५

ती. बाईस,
खेमराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा भडका उडाला. पाहण्याचे दोनशे? उद्या भाजीवाली भेंडी दाखवायचे पैसे मागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे गोंदियात भाव पॉइंटवर ठरतो. जितके पॉइंट तितके पैसे, गोष्ट संपली. पॉइंट निम्मे आणि पैसे जास्त, हा हिशेब कोणत्या आयटीआयमध्ये शिकवतात ते मला त्या पोरीला विचारायचे आहे.

आणि तिला नवाचे बारा करायला अर्थिंगच सापडली का? बाई, तुझ्या घराची वायरिंग १९९९ साली या हातांनी केली आहे. अर्थिंगसुद्धा मीच केली, चांगली पक्की. भाऊजी तेव्हा किती खूश झाले होते, आठवते ना? त्यांनी सगळ्या नात्यात माझे नाव केले. त्या कामाचे ऐकूनच इथे गल्लीतल्या सहा घरांनी माझ्याकडून वायरिंग करून घेतली. एकाकडूनही मी पैसा घेतला नाही. आणि ही कालची पोरगी मला नवा खड्डा खणायला सांगते!

भैय्यालालला काम दे. नाहीतर थांब, जयंती झाली की मी स्वतः पक्कड घेऊन येतो. संध्या म्हणते, हात थरथरतात, स्टुलावर चढू नका. तिचे ऐकले असते तर मी आयुष्यात एक बल्बसुद्धा लावला नसता.

भूमिकाला गोड पापा. राग तुझ्यावर नाही, भावावर आहे.
तुझा,
खेमराज

अर्जुनी मोरगाव,
दि. ११ एप्रिल २०२५

चि. खेमराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा खड्डा खणून झाला होता. आता चिडून उपयोग नाही, पाणी पी आणि पुढचे वाच.

मी काम समीक्षाला दिले. का दिले, ते सांगते. अंगणवाडीत तीस वर्षे मी पोरे तोलली. पोर टांगण्याआधी काटा शून्यावर आहे की नाही ते आम्ही पाहायचो. ज्या सेविका पाहायच्या नाहीत, त्यांच्या वहीत सगळी पोरे धष्टपुष्ट असायची. भैय्यालाल माणूस वाईट नाही, पण नळ चावते म्हटल्यावरही तो न्हाणीत गेला नाही. या पोरीने आधी काटा पाहिला. त्याचे दोनशे मला महाग वाटले नाहीत.

खेमा, तिचे काम तू पाहायला हवे होतेस. घरामागे तिने माणसाच्या छातीइतका खड्डा घेतला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मजूर मीठ कमी टाकून राहिला म्हणून त्याला बाहेर काढून स्वतः आत उतरली. मीटरजवळ एक स्विच बसवला, कुठे करंट गळला की तो आपोआप पडतो. सगळे झाल्यावर कूलर चालू केला, पाय ओले केले आणि आधी स्वतःचा हात नळाला लावला. मग माझा. मग भूमिकाचा. माझे डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले.

आता भूमिका रोज न्हाणीत गाणे म्हणत आंघोळ करते, असे शेजारीण सांगते. आणि खड्डा ओला ठेवायचा असतो म्हणून त्यात तांब्याभर पाणी घालते, झाडाला घालावे तसे.

काय बिघडले होते ते विचारू नकोस. जुने झाले होते, एवढेच. जयंतीला निळा सदरा घाल, तो तुला शोभतो.
राग निवळला की दोन ओळी लिही.
सुमनबाई

गोंदिया,
दि. १६ एप्रिल २०२५

ती. बाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

विचारू नकोस म्हणालीस म्हणूनच विचारतो. काय बिघडले होते? जुने झाले होते म्हणजे काय? तांब्याची तार काही पिकून गळत नाही. माझ्या कामाला बोल लावून कोणी तुझ्याकडून बारा हजार काढले असतील तर ते मला कळले पाहिजे.

तिने लिहून दिलेले बिल मला पाठव. एक एक ओळ तपासतो. जयंतीच्या मिरवणुकीतही माझे लक्ष नव्हते. निळा सदरा घातला होता.

जास्त काय लिहू, बिल पाठवावे.
खेमराज

अर्जुनी मोरगाव,
दि. २० एप्रिल २०२५

चि. खेमराज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बिल सोबत आहे. आधी माझे पत्र पुरते वाच, मग ते उघड.

तुला कळू नये असे मला वाटत होते. मी समीक्षाला म्हटलेही, की बिलातली जुन्या अर्थिंगची ओळ गाळ, माझ्या भावाने ते काम फार हौसेने केले होते. ती म्हणाली, बाई, ओळ गाळली तर उद्या दुसरा मिस्त्री येऊन तसेच करेल. मी ओळ राहू दिली. तू अर्थिंगची तार न्हाणीतल्या नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होतीस. तेव्हा पाइप जमिनीत होता, सगळेच तसे करायचे. पुढे जमिनीत प्लास्टिकची लाइन आली, न्हाणीतला तुकडा तेवढा लोखंडी राहिला. जमिनीशी नाते तुटले आणि कूलरमधून गळलेला करंट तुझ्या तारेवरून नळात येऊन बसला.

तुझी चूक झाली असे ती म्हणाली नाही. मीही म्हणत नाही. पण बिलाची शेवटची ओळ जरूर वाच, ती तिने मी न सांगता लिहिली आहे.

जेवण सोडू नकोस. तू लहानपणी रुसलास की उपाशी राहायचास, ते आता चालायचे नाही.
तुझी बाई जशी होती तशीच आहे.
सुमनबाई

गोंदिया,
दि. २८ एप्रिल २०२५

ती. बाईस,
खेमराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले दोन दिवस मी ताट परत पाठवले. संध्याने ताट पुढे ठेवले आणि तुझे पत्र त्याच्या शेजारी ठेवले, तेव्हा जेवलो.

बाई, तुझ्या गावात प्लास्टिकची लाइन टाकली त्या दिवशी मी तिथेच होतो. भाऊजींनी जमिनीतून निघालेला जुना लोखंडी पाइप भंगारवाल्याला दिला. तो गाडीत चढवायला मी हात लावला होता, वरून चहाही प्यायलो. माझी अर्थिंग गाडीत बसून चालली होती आणि मला सुचले नाही. भूमिकाला काही झाले असते तर, एवढाच विचार मनात येतो आणि मी उठून बसतो.

मग गल्लीतली सहा घरे आठवली. इथेही प्लास्टिकची लाइन येऊन पाच वर्षे झाली. मी समीक्षाला फोन केला, आणि काल रविवारी ती गाडीने आली. सहाही दारांवर मी आधी गेलो आणि सांगितले, की मी तुमच्याकडे जे फुकट केले ते पाहून घ्यायचे आहे, पाहण्याचे पैसे मी देईन. पहिल्या दारात मी जयभीम घालण्याआधीच हे बोलून टाकले. नंतर सवय झाली.

पाच घरी आज धोका नाही, पण अर्थिंग नवी लागेल. सहाव्या घरी, केशोरावकडे, पंप सुरू करताच नळावर टेस्टर पेटला. म्हातारा हसायला लागला. दोन वर्षे हाताला मुंग्या येत होत्या, त्याला वाटायचे साखर वाढली, म्हणून त्याने चहा सोडला होता. समीक्षाने तिथल्या तिथे पंप बंद करून ठेवला, आणि त्याच्या सुनेने सगळ्यांना चहा केला. म्हाताऱ्याने दोन कप घेतले. सातवे घर माझे स्वतःचे निघाले. दिव्याखाली अंधार. काम पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे, भाव तिने सांगितला तो मी एका शब्दाने विचारला नाही.

पोरगी हिऱ्यासारखी आहे, बाई. प्रत्येक घरी पायातले काढून आत गेली आणि एकदाही माझ्याकडे बोट दाखवले नाही. जाताना पैसे पुढे केले तर तिने सहा घरांचेच घेतले. माझे घर का सोडले म्हटल्यावर म्हणाली, काका, तुम्ही सोबत फिरून राहिले ना, मिस्त्री मिस्त्रीकडून पाहण्याचे घेत नाही.

तुझे बिल परत पाठवत नाही. शेवटची ओळ रोज वाचतो. ‘पुढच्या खोलीतली जुनी वायरिंग तपासली, जोड उत्तम आहेत, तशीच ठेवली, त्याचे पैसे आकारले नाहीत.’ सव्वीस वर्षे लोकांनी माझे काम फुकट म्हणून वाखाणले. नीट पाहून त्याचा भाव कोणी केला, तो हिनेच.

भूमिकाला सांग, तांब्याभर पाणी माझ्या नावानेही घालत जा. मे महिन्यात येतो. पक्कड आणणार नाही.
तुझ्या मायेचा धनी,
खेमराज