कोपरा नसलेलं वस्त्र

शॉमबर्ग, ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप वन्संना राधाचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना तिळाचं तेल मानवलं असेल, अशी आशा. तुमच्या भावाचं लिव्हरचं दुखणं कळवलंच होतं. ऑपरेशन करून हॉस्पिटलने आता घरी पाठवलंय. बरे झाले म्हणून नव्हे, त्यांचे उपाय संपले म्हणून.

आमची विनीता 'डिझाइन'मध्ये आहे, असं मी तुम्हांला लिहीत आले. आज खरं लिहिते. तिची कंपनी बायकांचे आतले कपडे बनवते. त्यांचे चार ब्रँड: एक ऑफिसात जाणारीसाठी, एक नवरीसाठी, एक माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बायकांसाठी, आणि चौथा कशासाठी ते मी विचारलं नाही. (कॅटलॉग पोस्टाने येतो. मी तो पंचांगाखाली ठेवते.) नव्या मालावर बाली बेटाची नक्षी हवी म्हणून तिला तिकडे धाडलं. तिथले लोक आपल्यासारखेच देवभोळे. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय देवळात जात नाहीत, दारातल्या दगडी मूर्तींनासुद्धा चौकडीचं वस्त्र नेसवतात. आणि ही कंपनी ती नक्षी कुठे नेऊन लावणार, ते तुम्ही ओळखलंच असेल.

येताना तिने नमुन्याचं एक वस्त्र आणलं, गेरिंगसिंग नावाचं, लालसर, पाटणच्या पटोल्यासारखं. ते दुखणं दूर ठेवतं, असं विणणारीने सांगितलं म्हणे. इथे परदेशात जन्मलेली मुलगी, पण ऑफिसात द्यायच्या आधी चार दिवस बाबांच्या अंगावर घालायला घरी घेऊन आली. आता कोरं वस्त्र, कोपऱ्याला हळदकुंकू लावल्याशिवाय आजारी माणसावर कसं घालू? आणि त्याला कोपराच नव्हता! मागावरून उतरवलेलं, गोल, अखंड. (मला वाटलं, कुणाचा परकर शिवायचा राहिलाय.) जिथे नुसते उभे धागे होते, त्या न विणलेल्या पट्टीवर मी कात्री चालवली, कुंकू लावलं, यांच्यावर पसरलं.

विनीता आली ती बघतच राहिली. "आई, यू कट इट? ते कापायचं नसतं गं! न कापलेल्यातच त्याचं सगळं बळ असतं." आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. हे म्हणाले, "राधे, डॉक्टरांनीही कापलं, तूही कापलंस. फिट्टंफाट." हसलेसुद्धा. वन्सं, ते त्यांचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवसापासून जीभ उचलत नाही.

घरच्या देवांना आमच्या नावाने एक फूल वाहा.

आपली,
राधा

ता. क. कंपनीने वस्त्र मागितलंय. विनीताची नोकरी बहुतेक जाईल. मी कड शिवायला घेतली, तर म्हणाली, "राहू दे, बाबांवरच राहू दे."

ता. क. वाचा गेली ती लिव्हरमुळे, कापडाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. मला पटतं, कात्री हातात येईपर्यंत.

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. शेजारचा श्रीराम उद्या विमानाने निघतोय, हे तुमच्या हातात देईल. मिळताच पोस्टातून फोन लावा. यांना ऐकू येतं, असं नर्स म्हणते. मी रिसीव्हर कानाशी धरीन. रडू नका. नुसतं 'शंकऱ्या' म्हणून हाक मारा. इथे तशी हाक मारणारं कोणी नाही.