बेचाळीस अंश

५ नोव्हेंबर
घरी येऊन आजाऱ्यांना अंघोळ घालतात त्या अंघोळवाल्यांना बाबांनी आज हाकलून लावलं! तिघं आली होती. गाडीतच पाणी तापवून आणलेलं, नळ्या, घडीचा टब. त्यांच्यातल्या हातानो बाईंनी टब थेट पलंगाशेजारी मांडला. बाबांनी पाण्यात नुसता हात बुडवला. "एकोणचाळीस. गार झालेला चहा आहे हा." थर्मामीटर पाहिलं, बरोबर एकोणचाळीस! एक्केचाळीस वर्षं गल्लीचं सार्वजनिक स्नानगृह चालवलेला माणूस. आमच्या हौदात पाणी त्रेचाळीसच्या खाली कधी नसायचं. पण डॉक्टरांनी तेवढंच लिहून दिलंय. फुप्फुसाचा कॅन्सर, त्यात हृदयही दमलेलं.

६ नोव्हेंबर
रुसवा चालू. पेजसुद्धा "गार आहे" म्हणून परत.

८ नोव्हेंबर
निदान पाय तरी शेकावेत म्हणून घमेल्यात थंड पाणी घेतलं आणि वरून किटलीतलं कढत ओतलं. "अगं बये, थंडात गरम मेलेल्याला अंघोळ घालताना ओततात. मी अजून आहे ना!" जन्म गेला स्नानगृहात, आणि ही चूक मी करावी! दोघं इतके हसलो की बाबांना ऑक्सिजन लावावा लागला.

११ नोव्हेंबर
डॉक्टर इकुता घरी आले. बाबांनी सरळच विचारलं, "किती दिवस?"
"दोन-तीन आठवडे."
"मग मला एवढं जपून काय लोणचं घालायचंय?"
डॉक्टर हसले. बेचाळीस चालेल म्हणाले, पाच मिनिटं. पण टबातच हृदय बंद पडू शकतं, तेव्हा मुलीची सही हवी.
केली नाही. कागद फ्रिजवर लावलाय. दूध काढायला गेलं की समोर.

१३ नोव्हेंबर
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पाणी त्यांना हवंय, आणि जीव जायचा माझ्या सहीने! नर्स ओगीनो बाई म्हणाल्या, "सही करा नाहीतर नका करू, नोबुएसान, पण आधी चार घास खा." खाल्ले. मग सही केली. भीती वाटायची ती वाटलीच.

१५ नोव्हेंबर
झाली अंघोळ! माझ्याने तिथे बसवेना. स्वयंपाकघरात उभी राहिले, दाराला कान लावून. आतून बाबांचा घोगरा आवाज— "आहाहा... काय कढत आहे! चटके बसतायत." नंतर पाहिलं तर गाल लाल, बोळकं भरून हसू. "पोरी, याला म्हणतात पाणी." गार दुधाचे दोन घोटही घेतले. किती दिवसांनी मी आज गाढ झोपणार आहे.

२४ नोव्हेंबर
बाबा सकाळी गेले. झोपेतच. हात माझ्या हातात होता.

२ डिसेंबर
हातानो बाई उदबत्ती लावायला आल्या होत्या. निघता निघता दारातून परत वळल्या आणि बोलल्या. त्या अंघोळीच्या दिवशीही पाणी एकोणचाळीसच होतं. तेवढ्यानेच बाबांना धाप लागली. "वाढवू नका," म्हणाले, "पण पोरीला बेचाळीस सांगा. किती रात्री झोपलेली नाही ती."