मुलांचे वजन वाढल्यामुळे बंद झालेले जेवण पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. पोषण अधिकारी,
शालेय भोजन विभाग,
दुसरा मजला.

विषय : चौसष्ट मुले सुदृढ झाल्याच्या कारणावरून बंद केलेले स्वयंपाकघर चालू ठेवण्यास मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ‘अभिनंदन व भोजन बंद करणेबाबत’.
२) आमचा मागील अर्ज, जो ‘मुले अद्याप पुरेशी अशक्त नाहीत’ या शेऱ्यासह परत आला.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई या शाळेत अकरा वर्षे स्वयंपाक करतात. मुले त्यांना मावशी म्हणतात. सदर मजकूर त्यांनी सांगितला व शाळेच्या कारकुनाने लिहून घेतला. काही वाक्ये कार्यालयीन भाषेत बसत नव्हती. ती बदलण्यास बाईंनी साफ नकार दिला.

१. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेला गोदामातून सुके धान्य येत असे. ते शिजे, पण मुलांच्या घशाखाली उतरत नसे. ताटे जशीच्या तशी परत येत आणि शाळेमागची कुत्री तेवढी बाळसे धरत. अशात आपलेच परिपत्रक आले की, जेवणात शाळेच्या परिसरात पिकलेले अन्न वापरावे. परिपत्रक आले की फायलीला लावावे, ही या शाळेची रीत. अर्जदार बाईंनी मात्र ते खरे मानले. शाळेला लागून राहणारे निवृत्त पोस्टमन परसात भोपळे लावतात; बाईंनी पहिले दार त्यांचे वाजवले. ते म्हणाले, “जन्मभर लोकांचं लोकांच्या दारात टाकलं, आता माझं टाकतो.” त्यांचे पाहून आसपासच्या घरांतून पालेभाजी, शेंगा, अंडी येऊ लागली. ताटे चाटूनपुसून साफ होऊ लागली. वर्षभरात दर मुलामागे वजन सरासरी दोन किलोंनी वाढले.

२. त्यावर संदर्भ क्रमांक एकचे पत्र आले. उद्दिष्ट साध्य झाल्याने शाळेचे नाव योजनेतून कमी करण्यात येत आहे, असा त्याचा आशय. आपले तपासनीस स्वतः आले, त्यांनी मुलांसाठी टाळ्या वाजवल्या आणि चुलीला लाखेचे सील ठोकले. बाईंनी विचारले, “पोरं जेवली म्हणून जेवण बंद?” तपासनीस म्हणाले, “बाई, ताप उतरला की औषध थांबवतातच ना!” बाई म्हणाल्या, “साहेब, तुमचं काल पोट भरलं होतं, मग आज डबा कशाला आणलात?” हे उत्तर तपासणी अहवालात नमूद झालेले नाही.

३. योजनेत परत यायचे तर सरासरी वजन ठरलेल्या रेषेखाली यावे लागते. दोन महिन्यांनी मोजणी झाली तेव्हा मुले रेषेच्या दीडशे ग्रॅम वर निघाली. “थोडक्यात राहिलं. प्रयत्न सोडू नका,” असा धीर तपासनिसांनी दिला. म्हणून पुढच्या मोजणीआधी मुख्याध्यापकांनी न्हाव्याला बोलावून सगळ्या मुलामुलींचे केस कापवले. त्याने सरासरी चाळीस ग्रॅम उतरली. परंतु केस हा पोषणाचा भाग नसल्याचे सांगून तपासनिसांनी ते चाळीस ग्रॅम पुन्हा मिळवले. पहिलीतल्या तिघांचे दुधाचे दात पडले होते. तेही त्यांनी ग्राह्य धरले नाहीत.

४. दरम्यान पोस्टमनच्या वेलांना परिपत्रके वाचता येत नसल्याने भोपळे येतच राहिले. सध्या मुख्याध्यापकांच्या खोलीत एकतीस भोपळे आहेत. मुख्याध्यापक व्हरांड्यात बसतात.

५. आता मुख्य तक्रार. तिसरीत शिंप्याची धाकटी मुलगी आहे, तिला सारे चिमणी म्हणतात. गेल्या महिन्यात ती सकाळच्या प्रार्थनेत उभ्या-उभ्या कोसळली. बाईंनी तिला उचलले, तेव्हा हातांत नुसता फ्रॉक आल्यासारखे वाटले. शिंपी धावत आला. घरी तिला रोज ताट वाढले जात होते. पोर मात्र घास लपवून मांजराला घालत होती. पाणी पाजून बाईंनी कारण विचारले. ती म्हणाली, “मावशी, मी एकटीच बारीक झाले तर सगळ्यांची सरासरी खाली येईल ना? मग तुझी चूल सुरू होईल.”

कारकुनाने येथे लिहिणे थांबवले होते. बाई म्हणाल्या, “लिही, त्यांनाही वाचू दे.”

त्याच आठवड्यात मोजणी होती. चिमणीचे वजन अडीच किलोंनी घटले होते. तपासनिसांनी तिच्या नावापुढे ‘समाधानकारक प्रगती’ असे लिहिले व इतर मुलांनी तिचा आदर्श घ्यावा, असे सुचवले.

६. ते फाटकाबाहेर पडताच अर्जदार बाईंनी उलथन्याने सील तोडले. हा अपराध त्यांना मान्य आहे. एक भोपळा चिरला, पोस्टमनने सरपण फोडून दिले, शिंपिणीने अंडी आणली. त्रेसष्ट मुले जेवायला बसली. चिमणी दाराशीच उभी राहिली, कारण अजून थोडेच ग्रॅम बाकी होते. बाईंनी तिला मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “तू जेव गं. सरासरीचं मी बघते.” ती आधी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, मग जेवली. दुसऱ्यांदा भात मागितला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि चुलीच्या धुराला नावे ठेवली.

तेव्हापासून रोज चूल पेटते आहे. सबब विनंती की :

अ) भरल्या पोटी असणे हे जेवण बंद करण्याचे कारण मानू नये.

ब) सील तोडल्याबद्दल जी शिक्षा असेल ती एकट्या अर्जदार बाईंना द्यावी, मुख्याध्यापक त्या वेळी भोपळे मोजत होते.

क) पुढील मोजणीस तपासनिसांनी खुशाल यावे, काटाही आणावा. परंतु जेवण झाल्याशिवाय एकही मूल काट्यावर उभे राहणार नाही. तपासनिसांनी डबा आणू नये. त्यांचेही पान वाढले जाईल आणि त्यांचे वजन कोणी विचारणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी, पण चूल न विझवणारी,
आपली नम्र,
शाळेची स्वयंपाकीण
(मजकूर लिहून घेणार : शाळेचा कारकून)

दिनांक : चूल पेटल्यापासून नववा दिवस

सोबत : १) दोन्ही संदर्भांच्या प्रती.
२) तोडलेले सील, तीन तुकडे.