सहाणेवरचा कप

बुधवार, दिवेलागण. नाशिक.

मुक्ता पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला येऊन पंधरा दिवस झाले. दहाला उठते, आमरस खाते, आईशी खिदळते, परत लोळते. लोळू दे. पण पूर्वी माझ्या पूजेचं चंदन तीच उगाळायची, छान दाट. माझ्या हातून पातळ होतं. रोज सहाण ओली करून तिची वाट पाहतो आणि शेवटी स्वतःच उगाळतो. हाक का मारत नाही? आपण होऊन यावी म्हणून?

आज उठली आणि चहाचा कप थेट सहाणेवर टेकवला! मी केवढ्यांदा ओरडलो.

"धुऊन देते ना पप्पा. देव चिडलेत की तुम्ही?"

बायको आतून म्हणाली, "रविवारी जाईल ती. मग बसा एकटेच उगाळत."

मुक्तानं सहाण धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मी बसून पातळच गंध उगाळलं.

देवाला पातळ गंधही चालतं. चालत नाही ते मला. वर्षभर तिच्या हातच्या चंदनाची आठवण काढली, आणि ती समोर असताना बोललो काय, तर कपाबद्दल.